ईसा खानची कबर ‘बुटकी’ का वाटते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिल्लीला हुमायूनची कबर पाहायला गेलात. पश्चिमेच्या बाजूनं आवारात शिरल्यावर उजव्या हाताला ईसा खानची अष्टकोनी कबर आणि मशीद लागली. गाइड म्हणाला, ही हुमायूनच्या कबरीची रंगीत तालीम. तुम्हाला मात्र ती बुटकी, बसकी आणि जराशी ओबडधोबड वाटली. तर ही खरंच तालीम का, बाग खड्ड्यात असल्यासारखी का, आणि थडग्याच्या इतक्या जवळ मशीद कशासाठी?

दगड-चुन्याच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझी पंचवीसेक वर्षं गेली. या आवारात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विद्यार्थी होतो, आणि खरं सांगायचं तर मीही ‘बुटकी’ म्हणूनच पुढे सरकलो होतो. त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. पण ‘तालीम’ हा शब्द आधी बाजूला ठेवू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

थडग्याच्या दालनातल्या मिहराबवर (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावर) लाल दगडाची एक पाटी आहे. तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव आहे, हुद्दा आहे (तो दरबारातला मुख्य हाजिब होता; बादशहासमोर कोणाला कधी उभं करायचं हे ठरवणारा माणूस), शेरशहाचा मुलगा इस्लामशहा गादीवर असल्याचा उल्लेख आहे आणि हिजरी ९५४ हे साल आहे. म्हणजे इसवी सन १५४७-४८. आता त्या साली हुमायून कुठे होता? १५४० मध्ये शेरशहानं त्याला हिंदुस्थानातून पळवून लावलं होतं आणि तो परतला थेट १५५५ मध्ये. म्हणजे ज्यांनी हुमायूनला हाकललं त्या सूर अफगाणांच्या एका बड्या सरदारानं हे स्वतःसाठी बांधलंय. हुमायूनच्या कबरीचं काम त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी सुरू झालं, त्याची बेगम हाजी बेगम हिच्या पुढाकारानं आणि मीरक मिर्झा घियास या इराणी वळणाच्या वास्तुकाराच्या हातून. हाकललेल्या माणसाच्या थडग्याची तालीम त्याचे वैरी कशाला करतील? शेजार आला तो हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यामुळे. १३२५ मध्ये औलिया गेले, आणि त्यानंतर शतकानुशतकं दिल्लीतल्या प्रत्येकाला त्यांच्या सावलीत जागा हवी होती. अफगाणांनाही हवी होती, मोगलांनाही.

‘अफगाण’ या शब्दानंही लोकांची गफलत होते. ईसा खान नियाझी टोळीतला पठाण, हे खरं. म्हणून इमारतीची तऱ्हा काबूल-गझनीहून आली असेल असं वाटतं. तसं काही नाही. ही तऱ्हा अस्सल दिल्लीची आहे, आणि तिचा मूळपुरुष इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर निजामुद्दीन बस्तीच्या गल्ल्यांत अजून उभा आहे: खान-ए-जहाँ तिलंगाणीची कबर, साधारण १३६८-६९ ची. हा तिलंगाणी मूळचा तेलंगणातला हिंदू, पुढे मुसलमान झाला आणि फिरोजशहा तुघलकाचा वजीर बनला. मध्ये अष्टकोनी दालन, भोवती ओवरी, ओवरीच्या प्रत्येक बाजूला तीन कमानी, वर घुमट, हा सगळा साचा दिल्लीत पहिल्यांदा त्याच्या थडग्याला वापरला गेला. मग सय्यद सुलतानांनी तो उचलला: कोटला मुबारकपूरला मुबारकशहाची कबर, लोदी गार्डनमध्ये मुहम्मदशहाची. त्याच बागेत सिकंदर लोदीची, १५१७-१८ ची. पाठोपाठ तुमच्या पाहण्यातली ईसा खानची. आणि शेवटची मोठी म्हणजे मेहरौलीतली अधम खानाची, १५६२ ची. लोदी गार्डनला गेलात तर एक गंमत करा. मुहम्मदशहाच्या कबरीसमोर पाच मिनिटं थांबा आणि मग त्याच दिवशी ईसा खानकडे या. दोन्ही इमारती एकाच घरातल्या आजोबा-नातवासारख्या दिसतील, नाक तेच, कपाळ तेच.

इथं एक सामाजिक खोच आहे. सय्यद-लोदी काळात साधारण रिवाज असा होता की सुलतानाचं थडगं अष्टकोनी आणि सरदाराचं चौकोनी. लोदी गार्डनमधला शीश गुंबद चौकोनी, बडा गुंबद चौकोनी. मग हाजिब असलेल्या ईसा खानला अष्टकोन कसा मिळाला? सुरांनी हा रिवाज आधीच सैल केला होता. शेरशहानं बिहारमधल्या सासारामला आपल्या बापाचं, हसन खान सुराचं थडगं अष्टकोनी बांधलं, आणि हसन खान तर साधा जहागीरदार. नंतर शेरशहानं स्वतःसाठी तलावाच्या मधोमध जो अष्टकोन उभारला तो सुमारे १२२ फूट उंच. धन्यानं बापाला राजाचा मान दिला, मग सरदारानं तो स्वतःला का देऊ नये? ज्या इस्लामशहाचं नाव पाटीवर कोरलंय त्याचं स्वतःचं सासारामचं थडगं मात्र अर्धवटच राहिलं. चाकराचं पुरं झालं, धन्याचं राहिलं.

आता बुटकेपणाकडे येतो. याची दोन कारणं आहेत, आणि एक आपल्या डोळ्यात आहे.

आपण सगळे ताजमहाल बघून वाढलेले. संगमरवरी उंच जोतं, त्यावर उंच मान असलेला फुगीर घुमट, चारी कोपऱ्यांना मिनार. थडगं म्हटलं की ही आकृती डोळ्यासमोर येते. हुमायूनच्या कबरीचा घुमट दुहेरी आहे: आत एक कवच, बाहेर दुसरं, मध्ये पोकळी. त्यामुळे बाहेरचा घुमट हवा तितका उंच नेता येतो आणि आतलं छतही खोल विहिरीसारखं वाटत नाही. ईसा खानचा घुमट त्या जातीचा नव्हे. इथं डोलारा खाली पसरतो. घुमटाचं वजन काही सरळ खाली येत नाही, बुडाशी तो बाहेर फाकायला बघतो, तांदळाचा ढीग पसरतो तसा. हे फाकणं अडवायला मधल्या दालनाच्या जाड भिंती आहेत, आणि त्यांना बाहेरून टेकू द्यायला ओवरीचं कडं आहे. ओवरीच्या आठही कोपऱ्यांवर खालून जाड, वर निमुळते होत गेलेले तिरके धिरे आहेत. हा ढाळ तुघलकांच्या वेळेपासूनचा. म्हणजे जे तुम्हाला बसकं वाटलं ते घट्ट पाय रोवून बसणं आहे. तुमचा ‘ओबडधोबड’ हा शब्द या धिऱ्यांमुळेच आला असणार, अशी माझी शंका आहे.

अष्टकोनावर गोल घुमट कसा बसवतात, हेही इथं फार स्वच्छ दिसतं. सुताराला चौकोनी लाकडातून लाटणं करायचं असलं की तो आधी चार कोपरे तासतो, आठ बाजू होतात. मग त्या आठांचे कोपरे तासले की सोळा, मग बत्तीस, आणि मग पॉलिश कागद फिरवला की झालं गोल. गवंड्यांची रीत हीच. बाहेरून घुमटाच्या मानेकडे नीट पाहिलंत तर ती गोल नाही, बत्तीस बाजूंची आहे. मला ती मान आवडते. तिनं आपलं गणित लपवलेलं नाही.

त्या मानेभोवती आठ छत्र्या (खांबांवर उभे छोटे घुमट), प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक. खाली ओवरीच्या कमानींवर पुढे आलेला दगडी छज्जा. छत्री आणि छज्जा या दोन्ही गोष्टी इथल्या मातीतल्या, देवळा-वाड्यांच्या कारागिरांच्या हातातल्या. छज्ज्याचं काम उघड आहे: दिल्लीचं ऊन आणि पाऊस कमानीच्या तोंडापासून दूर ठेवणं. छत्र्यांचं काम थोडं चलाखीचं. घुमट आणि छज्जा यांच्यामध्ये जो रिकामा उतार राहतो तिथं डोळा घसरतो. छत्र्या त्याला मधल्या पायऱ्या देतात. छत्र्यांवर हात ठेवून कल्पनेनं त्या झाका, मग बघा इमारत खरीच किती बुटकी होते ते. नगरकडच्या वाचकांना हा अष्टकोन परका नाही. नगरजवळच्या डोंगरावर जो ‘चांदबिबी महाल’ म्हणतात तो खरा सलाबत खानाचा मकबरा, निजामशाहीतल्या वजिराचा. तोही अष्टकोनी, भोवती कमानींची ओवरी, पण तिथं मजल्यावर मजला चढवत आकार उभा नेलाय. दिल्लीशी त्याचं थेट नातं आहे असा माझा दावा नाही. एकाच आकृतीला आडवं बसवलं तर काय होतं आणि उभं ताणलं तर काय होतं, हे बघायला मात्र ही जोडी झकास आहे.

बुटकेपणाचं दुसरं कारण जमिनीचं आहे, आणि तुमच्या ‘बाग खड्ड्यात का’ या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

या कबरीभोवतीचा कोटही अष्टकोनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्याच्या आत चक्क एक गाव वसलेलं होतं. घरं, चुली, गुरं, उकिरडे. माणसं जिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात तिथं जमीन वर येते. मातीचं घर पडतं, त्याच्यावरच दुसरं उभं राहतं. गाव हलवलं, पण माती तशीच राहिली. त्यावर हिरवळ लावली गेली आणि सगळ्यांना वाटू लागलं की हीच बागेची मूळ पातळी. मी विद्यार्थी म्हणून गेलो तेव्हा त्याच भरावावर उभा होतो. म्हणजे कबर कमरेएवढ्या चिखलात उभ्या असलेल्या माणसासारखी होती, आणि मी तिला उंचीनं कमी म्हणत होतो!

२०१० च्या दशकाच्या सुरुवातीला आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या कामात ही माती काढली गेली. तेव्हा लक्षात आलं की मूळ बाग आजूबाजूच्या वाटांपेक्षा खोल होती, मुद्दाम खोल ठेवलेली. थडग्याला जोडलेली अशी खोलगट बाग भारतात याआधीची सापडलेली नाही, असं ती जागा खणणाऱ्यांचं म्हणणं आहे. पातळी उतरली आणि इमारतीला तिचे पाय परत मिळाले. आता तुम्हाला जी बाग ‘खड्ड्यात’ वाटते ती खरी तिची जागा.

खोल बागेचा फायदा काय, हे माळ्याला विचारलं तर तो पहिल्यांदा पाणी सांगेल. वाफा वाटेपेक्षा खाली असला की दिलेलं पाणी वाहून जात नाही, मुरतं. दिल्लीच्या मे महिन्यात हे काही लहानसहान नाही. पण वास्तुकाराच्या नजरेनं मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. वाटेवरून चालताना झाडाझुडपांचे शेंडे आपल्या नजरेखाली राहतात, त्यामुळे मधल्या इमारतीकडे बघताना काही आड येत नाही. आणि बसक्या इमारतीला उंची द्यायची असेल तर दोन उपाय असतात: इमारत वर उचला किंवा जमीन खाली न्या. मोगलांनी हुमायूनसाठी पहिला उपाय केला, भलंमोठं जोतं बांधलं. इथं दुसरा दिसतो. खर्चाच्या दृष्टीनं कोणता स्वस्त, ते कोणताही कंत्राटदार सांगेल.

अष्टकोनी कोटाचीही एक करामत आहे. हुमायूनची चौकोनी चारबाग सरळ रेषेत वाचता येते: दरवाजा, पाण्याचा पाट, जोतं, कमान. समोर उभं राहिलं की सगळं कळतं. ईसा खानकडे कोट आठ बाजूंचा, कबर आठ बाजूंची, ओवरी आठ बाजूंची, छत्र्या आठ. एकात एक बसवलेले डबे असावेत तसं. इथं ‘समोर’ अशी जागाच नाही. तुम्ही कुठेही उभे राहा, एक बाजू तोंडावर आणि दोन तिरक्या बाजू मागे सरकणाऱ्या. म्हणून ही इमारत फोटोत मार खाते. ती चालत पाहायची असते, देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी.

पण थडग्याला दार एकच, दक्षिणेला. पश्चिमेची बाजू मिहराबनं बंद, आणि उरलेल्या सहा बाजूंना दगडी जाळ्या. कोटाचा दरवाजा मात्र उत्तरेला. आता गंमत बघा. तुम्ही उत्तरेकडून आत येता, समोर जाळी, वाट नाही. अर्धा वळसा घालून दक्षिणेला जावं लागतं. हे चुकून झालेलं नाही. आपल्याकडे मुसलमानी थडग्यात डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला आणि तोंड पश्चिमेला, किब्ल्याकडे म्हणजे मक्केच्या दिशेला वळवलेलं असतं. दक्षिणेच्या दारानं आलेला माणूस पायथ्याशी येऊन उभा राहतो. मोठ्या माणसाकडे उशाशी जात नाहीत, पायाशी जातात. ताजमध्ये आणि हुमायूनकडेही वाट दक्षिणेचीच. आतल्या सहा थडग्यांतली दोन मोठी आहेत, संगमरवर आणि लाल दगडाची. आत गेल्यावर मान वर करून घुमटाचं पोट बघायला विसरू नका. चुन्याच्या गिलाव्यात कोरलेलं आणि रंगवलेलं मोठं चक्र आहे तिथं. बरेच जण थडगी बघून बाहेर पडतात आणि ते राहूनच जातं.

मशिदीबद्दल तुम्ही विचारलंत, आणि माझ्या मते या जागेतली खरी डोकेबाज गोष्ट तीच आहे. थडगं ही मध्याभोवती फिरणारी इमारत. तिला सगळ्या दिशा सारख्या. मशिदीला दिशा एकच: पश्चिम. या दोन स्वभावांना एका कोटात नांदवायचं कसं? सिकंदर लोदीच्या कबरीत उत्तर सोपं होतं. चौकोनी कोट, त्याच्या पश्चिम भिंतीतच कोनाडे काढून ती किब्ल्याची भिंत केली, झाली मशीद. ईसा खानच्या वास्तुकारानं पुढची पायरी घेतली. अष्टकोनी कोटाच्या पश्चिम बाजूला भिंतीऐवजी अख्खी मशीदच बसवली. तीन खणांची. मधल्या खणावर घुमट, दोन्ही बगलांवर छत्र्या. मधल्या कमानीचा दर्शनी भाग लाल वालुकाश्माचा, बाजूचे खण दिल्लीच्या करड्या क्वार्टझाइटचे, आणि अधूनमधून निळ्या-हिरव्या-पिवळ्या चकाकीच्या फरशांचे अवशेष.

तीन खणांनाच का थांबले? त्या काळच्या दिल्लीतल्या नामांकित मशिदी पाच खणांच्या: मोठ की मशीद, जमाली कमाली, आणि शेरशहानं जुन्या किल्ल्यात १५४१ मध्ये बांधलेली किला-ए-कुहना मशीद. ईसा खाननं तीन खण घेतले, कारण त्याच्या हातात कोटाची एकच बाजू होती, आणि ती अष्टकोनाची एक बाजू असल्यामुळे आखूड. पण तोकडेपणा जाणवू नये म्हणून मधल्या खणाला वजन दिलं: रंग वेगळा, घुमट त्याच्यावरच. बगलांवर घुमट ठेवले असते तर तीन सारखे गोळे ओळीत दिसले असते आणि समोरच्या कबरीच्या घुमटाशी भांडले असते. छत्र्या ठेवल्यामुळे मशीद कबरीच्याच भाषेत बोलते, फक्त खालच्या आवाजात. कबरीच्या आठ छत्र्यांचा धागा इकडे दोन छत्र्यांनी पकडलाय. हा निर्णय ज्यानं घेतला त्याला आकार कळत होते. ‘ओबडधोबड’ तुम्ही आता मागे घ्याल अशी आशा आहे.

फरशांबद्दल आणि दुरुस्तीबद्दल दोन शब्द, कारण हा माझ्या पोटापाण्याचा विषय. या फरशांचा निळा कोबाल्टचा, मोरपंखी तांब्याचा. आज भिंतींवर उघडा दगड दिसतो म्हणून लोकांना वाटतं पूर्वीही असंच रांगडं होतं. तसं नसतं. अशा बांधकामात आतला भराव ओबड दगडाचा असतो, वर चुन्याचा गिलावा येतो, मग रंग, मग फरशी. दगड उघडा पडणं म्हणजे अंगावरचं कातडं सोलणं. गिलावा परत करायचा तर चुन्याच्या घाण्यात मळलेला, मुरवलेला चुना लागतो. आमच्या एका कामात, तिकडे आपल्याच बाजूच्या एका जुन्या वाड्यात, आधीच्या दुरुस्तीवाल्यानं भिंतींना सिमेंट थापलं होतं. बाहेरून टकाटक, आणि दोन पावसाळ्यांत आतला दगड मिठानं भुसभुशीत झालेला. चुना ओल आत-बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. एवढंच कारण, पण ते समजावताना माझे केस पिकले.

हुमायूनच्या कबरीच्या छत्र्यांवर नव्या फरशा बसवल्या तेव्हा वाद झाला होता: जुनं जसं आहे तसं ठेवावं की कारागिरी पुन्हा जिवंत करावी? मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. जुना तुकडा जिथं शिल्लक आहे तिथं त्याला हात लावायचा नाही, आणि नवा तुकडा तज्ज्ञाला ओळखू आला पाहिजे. बस्तीतल्या तरुणांना ही फरशी भाजायला शिकवलं गेलं, ही त्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

अष्टकोनाचा हा वंश पुढे का खुंटला? अधम खानाचं थडगं अकबरानं बांधवलं, आणि अधम खान त्याच्या हुकमानं मारला गेलेला माणूस. काही इतिहासकार म्हणतात की सुरांची ही तऱ्हा अकबरानं बंडखोरालाच साजेशी म्हणून जाणूनबुजून दिली. असेल. मला साधं कारणही पुरेसं वाटतं: शेजारी हुमायूनची कबर उभी राहिली आणि सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. अष्टकोन संपला नाही, त्या नव्या इमारतीच्या पोटात शिरला. हुमायूनच्या कबरीचं मधलं दालन आठ बाजूंचंच आहे.

पुढच्या खेपेला हुमायूनकडे जाण्याआधी ईसा खानकडे या, नंतर नाही. थंडीतल्या सकाळी या. उत्तरेच्या दारातून आत शिरून डावीकडून पूर्ण वळसा घाला, दक्षिणेच्या दारानं थडग्यापाशी जा, आणि बाहेर पडल्यावर मशिदीच्या मधल्या कमानीत उभे राहून मागे वळून पाहा. कबर तिथून बघायची. खालची बाग, तिच्यावरचं जोतं, ओवरी, छज्जा, छत्र्या, बत्तीस बाजूंची मान आणि घुमट, सगळं एका नजरेत मावतं, आणि सकाळचं ऊन इमारतीच्या पाठीमागून येत असतं.